लाल गाडी खाली बसवायची की नाही

जॅक निसटला आणि लाल गाडी माझ्या नवऱ्याच्या छातीवर बसली. आवाज फार झाला नाही. पत्र्याचा डबा ओट्यावर जरा जोरात ठेवावा तेवढाच. बाहेर दोन पाय दिसत होते. ते एकदा झटकले आणि थांबले.

"दादा!" दीर ओरडला आणि जॅक ओढायला लागला. जॅक आडवा होऊन गाडीच्या पोटाखाली अडकला होता. जाऊ शेडच्या सावलीत खुर्चीवर बसली होती, रविवारची साडी नेसून, काळा चष्मा लावून. मी आतून कांदा चिरायची सुरी हातात घेऊनच धावत आले.

मी चौथीपर्यंत शिकले. पण पाट्याच्या गॅरेजमागच्या खोलीत संसार केल्यावर काही गोष्टी आपोआप कळतात. पाटे म्हणजे चाकांवर एकावर एक बांधलेल्या पोलादी कमानी. गाडीचा भार त्यांच्यावर असतो. गाडीचं धड वर उचलायला लागलं की पाटे स्वतःच त्याला थोडं वर ढकलतात, चाकं उचलावी लागत नाहीत. मी सुरी टाकली आणि मागचा बंपर धरला.

"भावजी, तो जॅक सोडा. दादांचे पाय धरा. आम्ही उचललं की ओढा." आणि जावेला म्हटलं, "बघतेस काय? धर की!"

ती आली आणि माझ्या शेजारी वाकली. तिच्या हातात सोन्याच्या पाटल्या होत्या, नवीन घडवलेल्या. माझा नवरा खाली चिरडलेला आणि माझं लक्ष त्या पाटल्यांवर गेलं. गेलं ते गेलं.

ही गाडी दिराची. आमचं गॅरेज ठाणे-बेलापूर रस्त्यावर, महापेच्या अलीकडे. हे तिथे ट्रक आणि डंपरचे पाटे बसवायचे. न्हावा शेव्याला बंदराचं काम चाललं होतं तेव्हा दगड वाहणाऱ्या डंपरांचे पाटे रोज तुटत आणि आमची भट्टी रोज पेटत असे. दीर गोदीत माल सोडवण्याच्या कामात होता. त्याने वाशीला सोसायटीत ब्लॉक घेतला. घरात नळ, घरात संडास. मी रस्त्यापलीकडच्या बोअरिंगवरून हंडे आणत होते. जाऊ गिरगावातली, मॅट्रिक झालेली. ती रविवारी आमच्याकडे यायची ती रुमाल टाकून खुर्चीवर बसायची.

मग त्याने ती गाडी आणली. फोर्टातल्या कुणा म्हाताऱ्याची, विलायती, शर्यतीची, लाल. छप्पर कापडाचं, उघडं टाकता येणारं. बसायला जागा दोनच. एका जागेवर दीर, दुसरीवर जाऊ. तिसऱ्या माणसाचा विचारच त्या गाडीत कुणी केला नव्हता. जाताना जावेचा पदर मागे उडायचा आणि रस्त्यावरचे ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. मी हंडा घेऊन कडेला उभी असायचे. मला ती गाडी हवी होती का? नाही. तिला नसावी, एवढंच हवं होतं.

पुढे दिराच्या डोक्यात आलं की गाडी खाली बसवायची. म्हणजे मागचे पाटे कमी करायचे, पुढच्या स्प्रिंगा कापायच्या आणि गाडी जमिनीला टेकल्यासारखी करायची. एका परदेशी मासिकातलं चित्र घेऊन तो आला.

"दादा, बघ कशी दिसते. दबा धरून बसल्यासारखी. वळणावर पण चिकटून जाते."

"इथे कुठलं वळण आलंय?" हे म्हणाले. "सरळ रस्ता आणि त्यात खड्डे. पोट घासेल, सायलेन्सर तुटून पडेल."

"वाशीत रस्ते मस्त आहेत रे."

"मग वाशीतच फिरव. इकडे आणू नकोस."

जाऊ हसून म्हणाली, "अहो, पण खाली केली ना, की सगळे वळून बघतील."

तेवढं मला पुरलं. रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, "काय करू गं? लहान भाऊ आहे, नाही कसं म्हणू?" मी म्हटलं, "नका करू. खड्डे आहेत." ह्यांना वाटलं बायको शहाणी. खड्ड्यांचं मला काय पडलं होतं! ती गाडी आणखी छान दिसणार आणि तिच्यात जाऊ बसणार, हे मला बघवणार नव्हतं.

पुढच्या रविवारी दीर आला तेव्हा मी ह्यांना एका डंपरला जुंपलं. "त्याला उद्या न्हाव्याला जायचंय, आधी त्याचं करा." डंपरवाला घाईत नव्हता, तो बाजेवर घोरत पडला होता. त्याच्या पुढच्या रविवारी माझं काही चाललं नाही.

"मागचा एकच पाटा काढून बघू," हे म्हणाले. "नाही आवडलं तर परत घालू."

"आणि आवडलं तर?" मी विचारलं.

"तर वहिनी, तुम्हाला एक चक्कर," दीर म्हणाला.

"कुठे बसवणार? डिकीत?"

सगळे हसले. जाऊ जास्त हसली.

ह्यांनी गाडी मागून जॅकवर घेतली आणि पान्हा घेऊन सरळ खाली शिरले. गाडीखाली आधाराचे लाकडी ठोकळे लावले नाहीत. ट्रकवाल्या मेकॅनिकची ती सवयच. ट्रकखाली माणूस बसू शकतो, बिडी ओढू शकतो. चाकं जागेवर असली की ट्रक अंगावर येतोय कशाला? जन्मभर उंच गाड्यांखाली शिरलेला माणूस, त्याला त्या बुटक्या गाडीची भीती वाटलीच नाही. पहिला नट अजून सैल झाला नव्हता, तोच जॅक निसटला.

आम्ही दोघींनी जोर लावला. गाडी थोडी वर आली, थांबली, मग आणखी थोडी. माझ्या कमरेत काहीतरी कट्‌कन झालं. दिराने पाय ओढले. हे बाहेर आले ते काळेनिळे, तोंड उघडं. मग आत श्वास ओढल्याचा घरघर आवाज आला. जाऊ तिथेच मातीत बसली आणि रडायला लागली. मला रडायला वेळ नव्हता.

"वाशीला हॉस्पिटलात नेऊ," दीर म्हणाला. त्याने ह्यांना उचलून जावेच्या जागेवर ठेवलं. मी दार धरून उभी राहिले. मला बसायला जागा नव्हती. नवरा मरायला टेकलेला, आणि त्या गाडीत मला जागा नव्हती. ती लाल गाडी माझ्यासमोरून निघून गेली आणि मी रस्त्यावर जावेबरोबर उभी राहिले.

मी एक डंपर थांबवला. केबिनमध्ये आम्ही दोघी चढलो. ग्रीस, धूळ, डिझेलचा वास. तिची साडी पहिल्याच मिनिटाला खराब झाली.

"ताई, भाऊजी वाचतील ना?" ती म्हणाली.

"मला काय माहीत? गप बस," मी म्हटलं. थोड्या वेळाने तिने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला नाही. पण पाटली टोचत होती.

ह्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि खांद्याचं हाड. फुप्फुस शाबूत होतं. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलावं माणसाने? ह्यांनी हाताची वीत करून दिराला दाखवली. "एवढी जागा होती खाली," ते थांबत थांबत म्हणाले. "तुझ्या मनासारखी गाडी खाली बसली असती आणि मग जॅक निसटला असता, तर ह्यातली चार बोटं गेली असती. मग मी नव्हतो." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ही नको म्हणत होती."

दीर माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले. नको म्हणण्याचं कारण काय होतं ते मी कुणालाच सांगितलं नाही.

त्यानंतर जाऊ रोज थर्मासमधून सूप आणायची. वॉर्डातल्या बायका म्हणायच्या, "हीच का ती? एवढी नाजूक, आणि गाडी उचलली!" दुसऱ्या टोकाला बंपर मी धरला होता, हे कुणाला सुचलंच नाही. हेसुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या धाकटीनं जीव तोडून उचललं." मी तिच्या सुपाला एकदाही चांगलं म्हटलं नाही. सूप चांगलं होतं.

घरी आल्यावर दिराने एकदा विषय काढला. "दादा, ती गाडी…"

"दुसरीकडे ने आणि कर," हे म्हणाले. "मी करणार नाही, पण तुला अडवणार पण नाही."

दिराने जावेकडे पाहिलं.

"विका," ती म्हणाली. "आहे तशी विका."

गाडी आहे त्या उंचीवर विकली गेली. मी तिच्यात एकदाही बसले नाही. हे बरे झाले, पुन्हा डंपरखाली शिरायला लागले, आता ठोकळे लावून, आणि म्हातारे होऊन अंथरुणातच वारले. दीर त्यांच्यानंतर गेला. जाऊ वाशीलाच आहे, तिचे गुडघे अजून चांगले आहेत. माझी कमर त्या दिवसापासून दुखते. त्या रविवारी शेडसमोर आम्ही चौघं होतो. आता ती आहे आणि मी आहे.