पाण्यात उतरणारी वाट

सांगलीच्या स्टँडवर गाडीत बसलो तेव्हा नकळत शेजारची जागा मी पिशवी ठेवून अडवली होती. कराडला गर्दी चढली. एका बाईने विचारलं, "कुणी येणार हाय का हितं?" तेव्हा कुठे पिशवी उचलून मांडीवर घेतली.

अकरा हिवाळे त्या जागेवर दादा बसत असे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो कुपवाडच्या एका कारखान्यात फिटर होता, मी शाळेत मराठी शिकवतो. वर्षातून एकदा एस्टी नेईल तिथवर जायचं, तिथून रानातून चालत दुसऱ्या गावची गाडी गाठायची, असा आमचा नेम होता. वाट तो शोधायचा, गाड्यांच्या वेळाही त्याच्याच ध्यानात असायच्या. मी मागून झाडं बघत चालायचो. भाद्रपदात दादा गेला. कासच्या तळ्यापासून बामणोलीपर्यंतची वाट त्याने या सालासाठी ठरवून ठेवली होती, म्हणून माघात मी एकटाच निघालो.

रात्र साताऱ्यात एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी काढली आणि सकाळी कासची गाडी धरली. गाडी यवतेश्वरचा घाट चढून पठारावर आली. फुलांचे दिवस कधीच सरले होते. वाळलेलं गवत, काळा कातळ आणि तोंडावर येणारं गार वारं एवढंच होतं. तळ्यापाशी मी उतरलो. पाण्यावरून धुकं अजून उठत होतं, आणि काठचं रान इतकं दाट होतं की पाणी हिरवं दिसे. कंडक्टर खिडकीतून ओरडला, "गुरुजी, तळ्यात पाय बुचकळू नका हां! आख्खं सातारा हेच पाणी पितंय!"

मी गुरुजी आहे हे त्याने कशावरून ओळखलं कोण जाणे. मग त्याने आवाज उतरवून बजावलं, "बामणोलीची गाडी चारला सुटती. ती हुकली की उद्याच्याला. रानात गवं हायती. उगा थांबत बसू नका."

गाडी गेली आणि एकदम शांत झालं. मी चालू लागलो. जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या सावलीतून वाट उतरत होती. कारवीच्या दाटीत दोन्ही खांदे घासत. एका ठिकाणी चिखलात खुरांचे खोल ठसे होते, कडा अजून ओल्या. तिथे मी बराच वेळ श्वास धरून उभा राहिलो. दादा असता तर त्याने वाकून पाहून ते किती वेळापूर्वीचे आहेत ते सांगितलं असतं. मला एवढंच कळलं की जनावर मोठं आहे.

बाराच्या सुमारास एका झऱ्यापाशी दोन बायका बसलेल्या दिसल्या. एक म्हातारी, एक तरुण. तरुण बाईचे दिवस भरत आले होते. तिने पाठ झाडाला टेकवली होती आणि डोळे मिटले होते.

"कुठवर जाणार आजी?" मी विचारलं.

"साताऱ्याला, दवाखान्यात. ही माझी सून. नर्सबाई म्हणली, पोर आडवं हाय, दिवस भरायच्या आत मोठ्या दवाखान्यात न्या." म्हातारीने मला पाणी दिलं. नाचणीची अर्धी भाकरी आणि कारळ्याची चटणी हातावर ठेवली. "वस्तीवरलं समदं बापय गडी मुंबईला. डोली उचलाय माणूस न्हाई, आन् वर कासला चढाय हिला झेपंना. ल्योक पल्टनीत हाय, सुट्टीवर आलाय, तो म्होरं बामणोलीला गेलाय गाडी धरायला. त्याला सांगा, आमी येतोय दमानं."

गाडी धरणं हा तिकडचा रिवाज. घरातला एक जण आधी पळत जाऊन ड्रायव्हरसमोर उभा राहतो, बाकीचे मागून येतात. माणूस समोर उभा असेल तर ड्रायव्हर थांबतो.

निरोप घेऊन मी निघालो. वाटेत दादाशी मनातल्या मनात बोलत होतो. अर्ध्या तासाने फाटा लागला. डावीकडची वाट रुंद, जुन्या गाडीवाटेसारखी, सरळ खाली जात होती. उजवीकडची अरुंद होती, पण तिच्या धुळीत ताजी पावलं उमटली होती. डाव्या वाटेवर हाताच्या मनगटाएवढी हिरवी डहाळी आडवी पडली होती, तिच्या दोन्ही टोकांवर दगड. लाकूडतोड्याची राहिली असेल, असं वाटलं. पुढे उतार निसरडा होता आणि मला काठी हवीच होती. दगड बाजूला सारले, डहाळी ओढून घेतली, पानं ओरबाडली आणि उजव्या वाटेने उतरलो.

खाली झाडी विरळ झाली आणि कोयनेच्या धरणाचं पाणी दिसलं. डोंगरांच्या मधल्या प्रत्येक खोबणीत ते शिरलं होतं. इतकं निळं पाणी मी पाहिलं नव्हतं, पण ते बघून आनंद झाला नाही. काठाला कुठे वाळू नव्हती की घाट नव्हता. उतारावरून चालत आलेलं रान एकदम पाण्यात संपत होतं.

अडीचला बामणोलीत पोचलो. गाडी उभी होती आणि तिच्या दाराशी खाकी स्वेटर घातलेला एक उंच जवान. नाव आनंदा. मी निरोप सांगितला. त्याने मला चहा पाजला, गाव आणि काम विचारून घेतलं. "आत्ता येतील," तो म्हणाला.

तीन वाजले. साडेतीन झाले. आनंदा उतारावरून नजर काढेना. चारला ड्रायव्हरने इंजिन चालू केलं, मग बंद केलं.

"आरं, येतीया का न्हाई तुझी बायकू?" आतून एक म्हातारा खेकसला. "का मुक्काम करायचा हितंच?"

"गप बसा की आबा," ड्रायव्हर म्हणाला. "घरी तुमची कोण वाट बघतंय?"

लोक हसले. आनंदाही हसला, आणि हसता हसता त्याची नजर माझ्या हातातल्या काठीवर थांबली.

"गुरुजी, ही कुठं घावली?"

"वाटेत. फाट्यावर."

"दोन दगडाखाली?"

मी मान हलवली. त्याचं हसू थांबलं. मग ड्रायव्हरकडे वळून तो म्हणाला, "अण्णा, आई खाली गेली. पाण्याकडं."

ड्रायव्हरला लगेच कळलं. मला तोवरही कळलं नव्हतं. "पाचपतोर थांबतो," तो म्हणाला. "पळ."

आनंदा पळाला आणि मी त्याच्यामागे. तो फाट्याकडे चढला नाही, काठाकाठाने तिरका निघाला. ठेचा खात, काटे ओढत मी कसाबसा त्याला धरून होतो. धापा टाकत, मागे न बघता त्याने सांगितलं. डावी वाट त्यांच्या जुन्या गावाची. गाव धरणात गेलं, वस्ती वर सरकली. आईने जन्म त्या वाटेवर काढला होता. ती एकटी निघाली की पाय तिकडेच वळत. म्हणून पुढे जाणारा डहाळी आडवी टाकून ती वाट बंद करायचा. इकडच्या रानात आडवी डहाळी म्हणजे 'इकडे येऊ नका' हे शेरडं राखणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं.

"आन् माझ्या बायकूला काय ठावं?" तो म्हणाला. "ती तुमच्या सांगलीकडची, सपाटीवरची."

तो हाका मारत होता. समोरचा डोंगर त्याचीच हाक परत देत होता. एका वळणाशी कारवीत काहीतरी जड मोडत गेलं. आम्ही दोघेही थिजलो, मग पुन्हा पळालो. माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं: मी दगड बाजूला सारले.

शेवटी बारीक ओ आली.

रुंद वाट उतरून सरळ पाण्यात शिरत होती. दोन्ही कडेचे दगडी बांधही तिच्याबरोबर आत गेले होते. तिथे घोटाभर पाण्यात म्हातारी उभी होती. सून एका बांधावर ओठ दाबून बसली होती. कळा सुरू झाल्या होत्या.

"डहाळी न्हवती रं," म्हातारी पोराला म्हणाली. तिचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "म्हटलं, ल्योकानं मोकळी ठिवलीया तर हीच वाट. पाणी दिसलं तवा कळलं. पुन्यांदा चढाय ही उठंना."

"डहाळी मी उचलली, आजी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. आनंदाने माझी मनगटं धरली. "असं धरा. घट्ट." चार हातांची बैठक झाली, पल्टनीत जखमींना नेतात तशी. त्यावर सून बसली, तिचे हात आमच्या गळ्यात. काठाने तिरकं चालत आम्ही निघालो. त्याचा आणि माझा चेहरा वीतभर अंतरावर होता आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. कळ आली की तिची नखं माझ्या मानेत रुतत. खाली ठेवूया असं मला दहादा वाटलं, एकदाही बोललो नाही. पाण्यापलीकडून गाडीचा हॉर्न ऐकू येत राहिला. ड्रायव्हर आम्हाला दिशा देत होता.

गाडीत खेकसणाऱ्या म्हाताऱ्याने आधीच मागचं बाकडं मोकळं करून त्यावर आपलं घोंगडं अंथरलं होतं. साताऱ्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हर गाडी माणसाच्या चालीने नेत होता.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आत गेल्यावर आनंदा माझ्यासमोर उभा राहिला.

"गुरुजी, तुमचं चुकलं."

"हो."

"बास. येवढंच म्हणायचं हुतं." आणि तो आत गेला.

सकाळी मी पुन्हा तिथे गेलो. आत जायचा धीर होईना. फाटकाशी झाडाखाली म्हातारी बशीतून चहा पीत बसली होती. मला बघून तिने बशी खाली ठेवली.

"पोरगी झाली," ती म्हणाली. "पोट फाडून काढली. दोघी बऱ्या हायती."

मी तिथेच कठड्यावर बसलो. थोड्या वेळाने तिने विचारलं, "एकलंच कशापायी हिंडता रानात? घरचं कोण न्हाई?"

दादा गेला हे मी पाच महिन्यांत कुणाला तोंडाने सांगितलं नव्हतं. लोकांना ठाऊकच होतं. तिला सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "चैतात पाणी उतरतंय. आमच्या जुन्या घराचं जोतं उघडं पडतंय. नातीला दावाया नेणार हाय. तुमीबी या. आनंदा नसंल, पल्टनीत असंल. मला सोबत लागंलच."

सांगलीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दरवर्षी प्रवासाची हकीकत दादा सांगे आणि मी जेवत असे. या वेळी वहिनींनी ताट वाढलं आणि समोर बसल्या. मला सांगणं भाग होतं. सांगायला फार वेळ लागला. डहाळीचंही सांगितलं, काही लपवलं नाही.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "मुलगी कशी आहे, भाऊजी? पाहिलीत?"

नाही, म्हणालो. आत जायचा धीर झाला नव्हता.

"मग चैत्रात जाऊ," त्या ताट उचलत म्हणाल्या. "मीही येते."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी स्टँडवर गेलो, आणि सातारची पहाटेची गाडी उन्हाळ्यातही त्याच वेळेला सुटते का, ते विचारून आलो.