सहावी पायरी

स्वतःच्या हुशारीची मला फार घमेंड होती, हे आधीच कबूल करते. पुण्यातली नोकरी सोडून मी माझ्या गावी, अकोले इथे परतले आणि तिथल्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यासाठी पेशंटच्या नोंदींचा प्रोग्रॅम लिहिला. जुने केसपेपर दोन महिने खपून स्वतः टाईप केले, मग गठ्ठे बांधून माळ्यावर टाकायला लावले.

नेहमीच्या डेटाबेसमध्ये माणसाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या तक्त्यांत भरावे लागतात. मी ऑब्जेक्ट डेटाबेस वापरला. प्रोग्रॅममध्ये गोष्ट जशी असते तशीच ती डिस्कवर ठेवायची: गावात घर, घरात माणूस, माणसाचा केसपेपर आणि केसपेपरात त्याला न सोसणारी औषधं. मशीन बंद झालं तरी सगळं जागच्या जागी राहतं. फक्त वाचताना तो डेटाबेस सगळं मेमरीत ओढत नाही, नाहीतर एक माणूस मागितला की अख्खा गाव हजर व्हायचा. ठरलेल्या पायऱ्या उतरतो आणि थांबतो. त्याखालचं रिकामं दिसतं. मी पाच पायऱ्या ठरवल्या होत्या. त्या पुरत होत्या.

मग डॉक्टरबाई म्हणाल्या, डोंगराकडच्या गावांत एकाच नावाच्या चार-चार बायका असतात, वाडीही दाखव. मी गाव आणि घर यांच्यामध्ये वाडी घातली. दहा मिनिटांचं काम, त्यात तपासायचं काय?

त्यानंतर आठच दिवसांनी, बाजाराच्या दिवशी, भंडारदऱ्याकडच्या एका वाडीतून जीपने एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सुनेच्या पायाला विळा लागला होता, जखम पिकली होती आणि लाली गुडघ्याच्या वर चढली होती. तापाने ती बरळत होती. मी प्रिंटर बघायला म्हणून तिथेच बसले होते.

"हिला कसलं तरी इंजेक्शन लई बाधलं हुतं," सासू म्हणाली. "अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला."

"कोणतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"त्ये मला ठावं न्हाई. पन तुमी लाल पेनानं लिवलं हुतं, म्या बघितलंय."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सुनेचं नाव उघडलं. औषधांची चौकट रिकामी होती.

"नोंद नाही," मी म्हणाले. वर शहाणपणा केला, "मावशी, दुसऱ्या कुणाचं तरी आठवत असेल तुम्हाला."

सासू गप्प झाली. शिकलेल्या माणसापुढे गप्प बसतात तशी. नर्सने सुई भरायला घेतली.

मला ते गप्प होणं खुपलं. लाल पेन मलाही आठवत होतं. नुसती खात्री करावी म्हणून मी माझंच नाव उघडलं. मला सल्फाच्या गोळ्या चालत नाहीत, ते मी माझ्याच हाताने टाईप केलं होतं.

माझीही चौकट रिकामी होती.

"थांबा, देऊ नका," मी म्हणाले. नर्सने सुनेचा दंड पुसला होता.

"काय झालं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नोंद नाही असं नाहीये. ती दिसत नाहीये. चूक माझी आहे."

"मग शोध लवकर. कोणतं नको ते कळल्याशिवाय दुसरं तरी कसं देऊ?"

वाडीमुळे पायऱ्या सहा झाल्या होत्या आणि डेटाबेस पाचवरच थांबत होता. पाचाचा सहा करायचा, एवढंच काम. पण पासवर्ड दोनदा चुकला. मागे सून कण्हत होती. सासू तिच्या कपाळावर पदर ओला करून ठेवत होती, माझ्याकडे बघतही नव्हती.

चौकट भरली. लाल अक्षरांत तेच औषध होतं, नर्सच्या हातात होतं ते.

डॉक्टरबाईंनी सुई ट्रेमध्ये टाकली आणि दुसरं औषध मागवलं. ते सुरू झाल्यावर मला म्हणाल्या, "गेल्या आठ दिवसांत ज्यांना ज्यांना इंजेक्शन दिलं, त्या सगळ्यांना आत्ता फोन लाव."

मी यादी काढली आणि बाहेरच्या बाकावर बसून एकेक नंबर लावत गेले. कुणी शेतात होतं, कुणी बाजारात. सगळे फोन उचलत होते. शेवटचा नंबर एका म्हाताऱ्या बाबांचा होता.

"बाबा, इंजेक्शननंतर काही त्रास झाला का?"

"न्हाई गं, मी बरा हाय," ते म्हणाले. "पन तू कशापायी रडतीस?"