गोजाबाईची भवानी

पुण्याच्या माणसाला कितीही भूक लागली तरी तो आधी गर्दी शोधतो. रिकाम्या कढईपुढं पहिला म्हणून उभा राहणार नाही. चौघं खाताना दिसली की पाचवा मी, असा आमचा खाक्या. छप्पन्न साली पिंपरीच्या नव्या कारखान्यात मी फिटर म्हणून लागलो, तेव्हा कसबा पेठेतून सायकल मारत येताना ही खोडही सोबत घेऊन आलो.

कारखान्याच्या दाराशी गोजाबाई कांदाभजी तळायची. चिखलीची, नवरा गेलेली, तोंडानं फटकळ. कांदा चाकणचाच हवा असायचा तिला. तो चिरून मीठ लावून ठेवायची आणि सुटलेल्या पाण्यातच पीठ कालवायची, वरून थेंब पाणी नाही. त्या कढईवर घरातली चार तोंडं जेवत होती.

दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, तिच्याकडं एकट्या हिंदुरावांची. ते आमच्या पाळीचे मुकादम. धंदा मांडला त्या दिवशी त्यांनी भवानी केली आणि सगळा माल अर्ध्या तासात उडाला. तेव्हापासून त्यांच्या हाताला गुण आहे, असं तिच्या मनानं घेतलं. त्यांच्याआधी ती कुणाला एक भजं देत नसे. सव्वासातला ते येत, सावकाश खात, आणि मग आम्ही तुटून पडायचो. गुण हाताचा नव्हता, मुकादम खातोय म्हणून आम्ही खात होतो, हे मला तेव्हाही कळत होतं.

एका सोमवारी हिंदुराव आले नाहीत. रखवालदाराकडं निरोप होता, बरं वाटत नाही, उशीर होईल, पण माझ्याआधी भवानी कुणाकडून करून घेऊ नका. गोजाबाईनं पहिला घाणा काढून झाकून ठेवला. लोक मागू लागले, ती थांबा म्हणाली. आठला भोंगा, उपाशी माणूस किती थांबणार? तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, रेल्वे फाटकापलीकडं नवी कढई लागलीय. आम्ही सगळे तिकडं वळलो.

तिथं सयाजी तळत होता, हिंदुरावांचा सख्खा मेव्हणा. आणि कढईपुढं ठणठणीत हिंदुराव उभे, हातात भजी. सगळा डाव माझ्या लक्षात आला. बाईचा विश्वासच त्यांनी तिच्या मुळावर आणला होता. मला संताप आला, आणि संतापातच मी भजी घेतली. मुकादमाशी वाकडं कोण घेणार?

तीन दिवस तेच चाललं. गोजाबाईच्या कानावर नव्या कढईची खबर आली होती, पण हिंदुराव आजारी आहेत याबद्दल तिला शंका नव्हती. ते मागच्या दारानं कामावर जात होते. ती रोज सव्वासातपासून घाणा झाकून वाट बघायची आणि आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायची. एवढ्या माणसांपैकी एकानंही तिला खरं सांगितलं नाही.

गुरुवारी तिनं मला हाक मारली. कागदात बांधलेली भजी हातात देत म्हणाली, मुकादमांच्या घरी पोचवा, दुखण्यातल्या तोंडाला चव येईल. पुडी गरम होती. मला ती धरवेना. मी सगळं सांगून टाकलं.

तिनं पुडी परत घेतली.

"तुमाला कवा कळलं?"

"सोमवारी."

"आन तुमी बी तितंच खाल्ली?"

"खाल्ली," मी म्हणालो.

"हिंदुरावाचं ऱ्हाऊ द्या. त्यानं मेव्हण्याचं बघितलं. तुमाला तर म्या रोज कढईच्या तळची कुरकुरीत काढून ठिवत व्हते."

दुसऱ्या दिवसापासून जो पहिला येईल त्याच्या हातून ती भवानी करून घेऊ लागली. सयाजीच्या भज्यांना तिची चव नव्हती, पण मुकादमाच्या भीतीनं निम्मी माणसं तिकडंच राहिली. निम्मी हळूहळू परतली. मीही परतलो.

मी सायकल टेकवून उभा राहिलो की गोजाबाई मान वर न करता म्हणायची, "संपली." समोर कढईत घाणा तळत असायचा.