दोन जावांच्या डोक्याचे फोटो

बेला गावच्या सोजरबाईला आपल्या धाकट्या जावेचा, बयनाबाईचा, जळजळीत हेवा वाटायचा. साडीचा नाही, सोन्याचा नाही. झोपेचा!

कापूस वेचायला निघालेला ऑटो पुलावरून कोसळला, तेव्हा दोघी आत मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. शेजारची मालनबाई दोघींच्या डोळ्यांदेखत गेली. त्याला दोन वर्षं झाली. बयना महिन्याभरात पुन्हा ऑटोत बसू लागली, ड्रायव्हरची टिंगल करू लागली, अन् आडवी झाली की घोरायची. आणि सोजर? तिचा रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही. लांबून ऑटो वाजला तरी तिच्या हातातलं भांडं पडायचं, दरदरून घाम फुटायचा. सासू द्वारकाबाई म्हणायची, "बयना बी त संगंच होती नं? तुलेच काऊन भेव लागते? कामाचा कंटाळा, दुसरं काय!" सोजरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग कळलं, की आदिलाबादच्या एका दवाखान्यात अपघातातून वाचलेल्यांच्या मेंदूचे फोटो काढून राह्यले. धसका घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही हवे होते. सोजरच बयनाला ओढत घेऊन गेली. फोटोत भेव दिसलं की सासूच्या तोंडावर फेकीन, असं तिनं ठरवलंच होतं. त्या धडधडणाऱ्या मशीनमध्ये ती दात आवळून पडून राहिली.

फोटो हातात आले. खिडकीशी धरून तिनं डोळे फाडून पाहिले. दोन्ही सारखेच!

"एकेकाच्या फोटोत नाही दिसत, बाई," डॉक्टरीण म्हणाली. "खूप जणांचे एकत्र पाहिले की बारीक फरक सापडतो. तुमचा आजार तुमच्या सांगण्यावरून कळतो. तो खराच आहे, त्यावर इलाजही आहे."

"माह्या सांगण्यावरून?" सोजर कडू हसली. "ते कोन आयकते!"

घरी येताच द्वारकाबाईनं विचारलं, "काय निंगालं?" सोजर फोटो पदराआड सारू लागली. बयनानं तिच्या हातातला फोटो ओढला आणि मधल्या काळ्या भागावर बोट ठेवलं.

"हे पाहा, आत्याबाई. हेच भेव. जाऊबाईच्या डोक्यात भरून बसलं. माह्या नाही."

धडधडीत खोटं! पण सासूचे डोळे भरून आले. तिनं सोजरला जवळ ओढलं. "काऊन सांगतलं नाही वं मले आधी?"

दोन वर्षं घसा फोडून सांगत होती ती. बयना एकदा बोलली, आणि पटलं! सासूच्या खांद्याआडून सोजरनं जावेकडं पाहिलं. मेलीचे पाय धरावेत की झिंज्या उपटाव्यात, तिला कळेना.