सळईला पाणी

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला नवऱ्याला घेऊन मी माहेरी गेले, तेव्हा आमच्या आबांनी जावयासाठी नवा गिझर आणून ठेवला होता. माहेर कळंबजवळच्या वस्तीवर, सासर बारामतीत. नव्वदच्या दशकातली गोष्ट, वस्तीवर गिझर म्हणजे अप्रूपच. न्हाणीघराच्या भिंतीवर आधी एक जुनाट, डबड्याएवढा हीटर होता. त्याचं पाणी जेमतेम कोमट व्हायचं, आणि आम्ही त्यावरच खूश होतो. पण जावई पडले कारखान्यात इलेक्ट्रिशियन. त्यांना दिवाळीच्या अंघोळीला कोमट पाणी कसं द्यायचं? आबांनी डबडं उतरवलं आणि उसाला पाणी देऊन आल्यावर गिझर स्वतःच भिंतीला टांगला. कुणाकडून काही करून घेणं त्यांना कमीपणाचं वाटे.

आम्ही पोचलो ती अंघोळीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. चहा झाल्या झाल्या आबांनी पाहुण्यांना हौसेनं न्हाणीघरात नेलं आणि बटण दाबलं. घरातले सगळे दिवे एकदम पिवळे पडले. ह्यांनी नळाला हात लावला आणि झटक्यात मागं घेतला.

"हात वला आसंल," आबा म्हणाले.

ह्यांनी हात कोरडा केला आणि बॅगेतून टेस्टर काढला. हा माणूस सासुरवाडीलाही टेस्टर घेऊन येतो याचं मला तोवर कौतुक होतं. टेस्टर नळाला लावला, तर पेटला. गिझर बंद केल्यावर विझला. पुन्हा चालू केला, पुन्हा पेटला. गिझर चांगला आहे, घोळ परतीच्या तारेत आहे, असं म्हणत हे त्या तारेमागं भिंतीभिंतीनं निघाले. आबा जागचे हलले नाहीत. ती तार कुठं जाते हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन आली. "करंज्यांच्या नादात दोन दिस ऱ्हाऊनच गेलं बघा," ती जावयाला म्हणाली, "दिवा बारीक झाला की सळईला पाणी घालावं लागतंय." आणि त्यांच्या देखत तिनं गोठ्यामागं जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईवर तांब्या ओतला. सळईला हळदकुंकू लावलेलं होतं. सण म्हणून शेजारी पणतीही होती. घरातला उजेड खरंच थोडा वाढला.

आई भोळी. ही जागा ओली ठेवायची, एवढंच आबांनी तिला सांगितलं होतं. तिनं तिचा देव करून टाकला. मी मात्र भोळी नव्हते. मीटर बघायला माणूस आला की सळईवर घमेलं पालथं घालायचं काम माझं असे. जे झाकायचं ते चांगलं नसतं, एवढं पोरासोरांनाही कळतं.

हे ओसरीवर जाऊन मीटरपुढं उभे राहिले. आत गिझर चालू होता आणि मीटरची चकती ढिम्म. आबांनी मीटरच्या तारा उलट्या करून घरातली वीज सळईवाटे जमिनीत सोडली होती, म्हणजे ती मोजलीच जात नव्हती. चार दिवे आणि ते डबडं सळईनं निभावून नेलं. गिझरचा भार तिला झेपला नाही, आणि तिलाच जोडलेल्या गिझरच्या अर्थिंगमधून वीज नळात उतरली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा चोरी करतात याची लाज होतीच, पण ती परक्यासमोर उघडी पडली याची जास्त होती, आणि आपल्याला असं वाटावं याची आणखी वेगळी. कारण आमचे आबा म्हणजे पाटाच्या पाण्याचे न्यायाधीश. दुसऱ्याच्या पाळीचं पाणी कुणी आपल्या उसात वळवलं, की त्याला देवळापुढं उभं करून सोलून काढायचे. "पाणी चोरणाऱ्याच्या पंगतीला मी बसायचा न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य अख्ख्या वस्तीला पाठ होतं.

ह्यांनी मला फक्त हळूच विचारलं, "तुला ठाऊक होतं?" मी मान डोलावली. त्यांनी पुढं विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

जेवणाची ताटं मांडली, तेव्हा आबा जावयाशेजारी बसायला आले नाहीत. भूक न्हाय म्हणाले. आई बिचारी, नवा गिझर बिघडला म्हणून ते रुसले असं समजून त्यांची समजूत काढत राहिली.

सकाळी अंघोळी चुलीवरच्या पाण्यानं झाल्या. उजाडल्यावर आबांनी खांबावरचा फ्यूज काढून ह्यांच्या हातात दिला आणि ते पहार घेऊन सळई उपटायला गेले. ह्यांनी त्यांना अडवलं. सळई राहू द्या म्हणाले, गिझरला अर्थिंग लागतंच. मग तारा सरळ केल्या, फ्यूज बसवला, गिझर लावला.

मी फराळाची ताटं घेऊन ओसरीवर आले. आबा मीटरकडं पाठ करून उभे होते.

"पाव्हणं," ते म्हणाले, "फिरती का बघा."

"फिरती, आबा."

मग आबा खाली बसले आणि त्यांनी आपलं ताट जावयाच्या ताटाशेजारी ओढून घेतलं.