तपासणीच्या दिवशीच्या गोधड्या

आमच्या गावात गोधड्या धुवायचा मुहूर्त प्रदूषणवाले साहेब काढतात. ते येणार असले की आदल्या दिवशीच कारखाना बॉयलर मंद करतो, चिमणीचा धूर उदबत्तीएवढा होतो आणि बायका एकमेकींना हाका मारतात, "उद्या तपासणी हाय, गोधड्या काढा गं!"

कारखाना साखरेबरोबर वीजही करतो. उसाचं चिपाड जाळतो, वीज सरकारला विकतो आणि काजळी तेवढी आम्हाला फुकट देतो. चिमणीतून किती राख सोडायची याला आता मर्यादा आहे. ती पाळायची तर राख अडवणारं यंत्र बसवायला हवं. कारखान्याने त्यासाठी मुदत मागितली. मिळाली. ती संपल्यावर पुन्हा मागितली. तीही मिळाली. दरम्यान गेटवर झाडं लावली, त्यांच्या बुंध्यांना चुना फासला आणि धुराचे आकडे दाखवणारा मोठा फलक टांगला. त्यावरचे आकडे कायम मर्यादेत. बॉयलर पेटलेला असो की विझलेला, त्यांच्या तब्येतीत फरक पडत नाही.

फरक पडतो तो आमच्या आईच्या. तिला दमा आहे. गाळप सुरू झालं की ती उशांना टेकून बसल्या बसल्याच झोपते. गेल्या हंगामात मी चिडून तक्रार केली. साहेब म्हणाले, घरी येऊन बघतो. कधी येणार ते अर्थात आमच्याआधी कारखान्याला कळलं.

साहेब जीपमधून उतरले तेव्हा गल्लीतल्या झाडून सगळ्या गच्च्यांवर धुतलेल्या गोधड्या वाळत होत्या. लग्नघर असावं तसं गाव दिसत होतं.

"काजळी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आई जिना उतरून आली. हातात पिळलेली गोधडी.

"आजी, धुराचा त्रास होतो का?"

"आज न्हाई बघा साहेब. लई मोकळं वाटतंय."

मी डोळ्यांनी खुणावत होतो. तिला वाटलं, मी चहाचं सांगतोय. ती चहा ठेवायला गेली. खोटं बोलायचा सराव कारखान्याला आहे, तिला कुठला असणार! साहेबांनी गोधड्यांचे फोटो काढले, चहा घेतला आणि तक्रारीत तथ्य नाही असं ठरवून टाकलं.

जीप पूल ओलांडेपर्यंत कारखान्याने कळ काढली. मग चिमणीने दोन दिवसांचं उट्टं काढलं. दिवेलागणीला गोधड्या काळवंडल्या होत्या आणि आई उशांना टेकून धापा टाकत होती. मला इतका संताप आला की तो नेमका तिच्यावरच निघाला.

"आजच बरं वाटायचं होतं का तुला?"

ती थोडा वेळ छाती धरून बसली. मग म्हणाली, "त्या साहेबाला आपली मागची खोली दे. हंगामभर ऱ्हाऊ दे इथंच."

मला हसू फुटलं.

"हसतोस काय?" ती म्हणाली. पुढचं बोलायला तिला श्वास पुरला नाही.