टाकीएवढं पोट

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाजीवाल्याचा काटा मी वाकून पाहतो, डॉक्टरनं दिलेली गोळी दुसऱ्या मेडिकलवाल्याला दाखवून घेतो, आणि कोणी माझी फार तारीफ केली तर घरी जाऊन आधी खिसे चाचपतो. बायको म्हणते, तुमच्यावर देव जरी प्रसन्न झाला तरी तुम्ही त्याले आधार कार्ड मागसान. तिचं काही चुकत नाही.

धंद्यानं मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गाड्यांचे नंबर, निवडणुकीत भिंती. फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या, नंबर तेवढे राहिले. बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी राहतो त्याचं नाव सांगत नाही. गावाला नगरपालिका आहे, पालिकेला तेव्हा नगराध्यक्ष होते, आणि नळाला आठ-नऊ दिवसांनी पाणी यायचं, एवढं पुरे.

आमच्या चौकात चहाच्या हॉटेलाबाहेर एक काळा फळा आहे. तो कोणाच्या मालकीचा नाही. कोण वारलं, कोणाची म्हैस हरवली, लाईट कधी जाणार, हे ज्याला ठाऊक तो खडूनं लिहून टाकतो. सगळ्यात वरची ओळ मात्र पालिकेच्या पाणी सोडणाऱ्याची. आज नळ कोणत्या भागात, ते तो रोज सकाळी लिहायचा. तो माझा वर्गमित्र, चौथीपासूनचा. अंगानं काडी, गळ्यात पंचा, खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची कमरेएवढी लोखंडी चावी. अकरा वर्षं ठेक्यावर राबला होता आणि त्या वर्षी कायम करायच्या माणसांच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. त्यानं ते मला सांगितलं तेव्हा आवाज असा बारीक केला होता की जणू जोरात बोललं तर नाव पुसलं जाईल.

फळ्याचा खालचा कोपरा माझा. त्याची सुरुवात कारंज्यापासून झाली. गावात प्यायला पाणी नाही आणि पालिकेनं आपल्या दारात कारंजं बांधलं. उद्घाटनाला टँकरनं पाणी आणून उडवलं, फोटो झाले, पाणी संपलं. माझं डोकं असं सटकलं की काय सांगू राजेहो. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर काढलं: कोरडं कारंजं, त्याच्याखाली हंडा धरून उभी असलेली बाई, आणि वर नाचणारे दोन पांढरे बूट. नगराध्यक्ष बाराही महिने पांढरे बूट घालायचे, चिखलातसुद्धा. चेहरा मी कधी काढला नाही. उद्या कोणी कॉलर धरलीच तर म्हणता यावं, बूट काय गावात एकाचेच आहेत का. सही करायचा तर प्रश्नच नव्हता.

मग स्वागताची कमान आली. रस्त्यात गुडघाभर खड्डे आणि त्यावर दगडी कमान. मी बुटांचा नवरदेव केला, घोड्यावर बसवला, कमानीखालून वरात काढली आणि घोडा पोटापर्यंत खड्ड्यात घातला. मग बागेतले बाक काढले, सगळे उन्हात आणि प्रत्येकाच्या पाठीवर नगराध्यक्षांचं नाव. लोक गाड्या थांबवून हसायचे आणि मोबाइलवर फोटो पाठवायचे. दहा वाजायच्या आत बीबी गावात माझ्या साळ्याच्या मोबाइलवर चित्र पोचलेलं असायचं.

विषय मला कुठून मिळायचे, हे माझं गुपित होतं. पालिकेची रद्दी त्या हॉटेलवाल्याकडे जायची. पालिकेचा शिपाई कागद उभे फाडून गठ्ठे बांधायचा आणि त्या अर्ध्या कागदांत हॉटेलवाला आलूबोंडे, मिरचीभजे बांधून द्यायचा. मी भजे खायचो आणि कागद वाचायचो. कारंज्याचं बिल मला असंच तेलाच्या डागाखाली सापडलं. माणसाच्या सांगण्यावर माझा कधी भरवसा बसला नाही, सांगणाऱ्याचा काही ना काही मतलब असतोच. रद्दीला कसला आला मतलब? ती मुद्दाम माझ्यासाठी कोणी लिहिलेली नसते. त्यामुळे भज्याखालचा कागद खोटं बोलणार नाही, हे मी घट्ट धरून बसलो होतो. चित्र झालं की कागद मी पाणी तापवायच्या बंबात टाकायचो. पेंटरच्या घराची झडती घ्यायला कोण येणार होतं कोण जाणे, पण घरात पुरावा नको.

एक दिवस खुद्द नगराध्यक्ष फळ्यासमोर येऊन उभे राहिले. मी बाजूच्या बाकड्यावर बशीत चहा ओतत होतो. त्यांनी चित्र नीट पाहिलं, मोठ्यानं हसले, फोटो काढला, आणि हॉटेलवाल्याला म्हणाले की हा जो कोणी कलाकार आहे त्याचा आपण सत्कार करू. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सारा चौक म्हणाला, मन मोठं आहे बुवा माणसाचं. मला पटेना. ज्याची टर उडवावी तोच हसायला लागला तर त्याच्या हाती काहीतरी लागलेलं असणार. आणि बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांना रामराम करून मला एकट्यालाच कसा काय गाळला?

त्या दिवसापासून मी फितूर शोधायला लागलो. न्हावी माझ्या बोटांवरच्या खडूबद्दल का विचारतो? शेजारचा मास्तर नेमका मी निघतो तेव्हाच फिरायला का निघतो? हॉटेलवाला दुसऱ्या चहाचे पैसे का घेत नाही? शेवटी बायकोलाच विचारलं, तू कोणापाशी बोललीस का. पुढचे दोन दिवस ती मला 'जेवा' आणि 'उठा' यापलीकडे एक शब्द बोलली नाही.

अशात मी माझ्या वर्गमित्राला पाहिलं. गावाबाहेर नवं प्लॉटिंग पडलं होतं, नगराध्यक्षांच्या सासुरवाडीच्या लोकांचं. त्याच्या फाटकाशी तो नगराध्यक्षांच्या गाडीतून उतरत होता. संध्याकाळी फळ्यापाशी भेटला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आज कुठं होता बे दुपारी. म्हणे, कुठं राहीन, टाकीवरच. झालं. माझ्याशी खोटं बोलला, आणि डोळे खाली घालून बोलला. त्याच्या घरावर नवे पत्रे पडले होते तेही मला लगेच आठवले. सरळ म्हणायला काय हरकत होती की बाबा, मी तुला गाडीतून उतरताना पाहिलं, काय भानगड आहे? चाळीस वर्षांची ओळख. पण मी विचारलं नाही, लक्ष ठेवत राहिलो.

आठवड्याभरात कागद आला. भज्यांखालीच, नेहमीसारखा. उन्हाळ्यातल्या टँकरच्या फेऱ्यांची पावती होती. ज्या मोहल्ल्यांत एक टँकर फिरकला नव्हता तिथल्या फेऱ्या लिहिलेल्या, आणि खाली पाणी वाटल्याची सही, माझ्या वर्गमित्राची. कागद अख्खा होता. शिपाई सगळे कागद फाडून देतो आणि हा एवढाच अख्खा. ते माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आलं, आणि मी पुढं वाचत गेलो.

चित्र डोक्यात आलं ते पुरं होऊनच आलं. चार खांबांवर पाण्याची टाकी, आणि ती टाकी म्हणजे एका माणसाचं पोट. वर गळ्यात पंचा, खांद्यावर लांब चावी, बेंबीच्या जागी तोटी. तोटीखाली पांढऱ्या बुटांवाला पेला लावून बसलेला, आणि मागं हंडे घेऊन उभ्या बायांची रांग पार फळ्याच्या चौकटीपर्यंत. इतकं देखणं चित्र माझ्या हातून आधी झालं नव्हतं. लिहितानाही लाज वाटते, पण त्या पोटाची गोलाई खडू न उचलता एका हातात आली होती. वर त्याच्याच अक्षरात त्या दिवसाची ओळ होती, आज नळ माळीपुरा. ती मी तशीच राहू दिली, चित्राला शोभत होती म्हणून. घरी जाऊन कागद बंबात टाकला आणि त्या पाण्यानं आंघोळ केली.

गाव हसलं. कारंज्यालाही एवढं हसलं नव्हतं. नळावरच्या बाया त्याला विचारायला लागल्या, भाऊ, आज पोट भरलं का. तो दोन दिवस फळ्यावर नळाची ओळ लिहायला येत राहिला, माझ्या चित्राच्या वर. तिसऱ्या दिवशी अक्षर दुसऱ्याचं होतं.

पालिकेच्या सभेत नगराध्यक्षांनी म्हणे मोबाइल उंच धरून सगळ्यांना चित्र दाखवलं. लोकभावना अशी आहे, माझा नाइलाज आहे, म्हणाले. चेहरा फार दुःखी केला होता असं सांगतात. कायमच्या यादीतून त्याचं नाव कापलं आणि ठेक्यावरूनही काढून टाकलं. पन्नाशीचा माणूस डोणगावला धान्याच्या आडतीवर पोती उचलायला जाऊ लागला. मला तरीही वाटत होतं, केलं ते भरलं.

महिनाभरात प्लॉटिंगमध्ये रोज पाणी यायला लागलं. तिथं अजून धड चार घरं उभी राहिली नव्हती. आमचे नऊ दिवसांचे अकरा झाले, मग तेरा. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात तो अख्खा कागद पुन्हा आला.

मी तडक हॉटेलवाल्यासमोर जाऊन उभा राहिलो. तो कागद कुठून आला होता ते सांग, नाहीतर तुझी कढई फेकून देतो, इथपर्यंत बोललो. तो घाबरला नाही, कारण त्यात घाबरण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. टँकरच्या ठेकेदाराचा माणूस आला होता, म्हणाला. कागद देऊन म्हणे पेंटरले याच्यात भजे बांधून दे, त्याले वाचाले लागते. मी म्हटलं, त्याला कसं कळलं मी वाचतो ते? हॉटेलवाला माझ्याकडे पाहतच राहिला.

"भाऊ, तुमी कागद उजेडात धरता, तेल पुसता, घडी करून खिशात घालता," तो म्हणाला. "साऱ्या चौकाले ठाऊक आहे."

म्हणजे फितूर कोणी नव्हताच. न्हावी नाही, मास्तर नाही, बायको तर नाहीच.

बाकीचं मी विचारून विचारून गोळा केलं. ते आधी केलं असतं तर काय बिघडलं असतं? प्लॉटिंगचा व्हॉल्व्ह पाळी सोडून रोज उघड, हे सांगायला त्याला गाडीत घालून नेलं होतं. तो नाही म्हणाला. पाळी म्हणजे पाळी. मला त्यानं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी ते फळ्यावर काढलं असतं आणि यादीतलं नाव गेलं असतं. नवे पत्रे त्याच्या सासऱ्यानं घालून दिले होते, आणि पावतीवरची सही त्याची नव्हतीच. नगराध्यक्षांना त्याला सरळ काढता येत नव्हतं, मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या बाया पालिकेवर चालून गेल्या असत्या. आधी त्यांना त्याच्यावर हसवणं जरूर होतं, आणि ते काम गावात एकच माणूस फुकटात करत होता.

मी त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. रडलो, खोटं कशाला बोलू. त्यानं ऐकून घेतलं, घरात चहा ठेवायला सांगितला, आणि एवढंच विचारलं की मुख्याधिकाऱ्याकडे चालतो का. मुख्याधिकारी नवे आलेले, सरळ माणूस आहे असं लोक म्हणत. माझा विश्वास बसत नव्हता, पण गेलो. ती चित्रं माझी, हे मी पहिल्यांदा कोणासमोर कबूल केलं. लेखी दिलं आणि खाली सही केली. साहेबांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, सही खोटी निघाली तर याला परत घेता येईल, मी स्वतः लिहितो, फक्त तो कागद मला द्या.

मी सांगितलं की जाळला.

साहेबांना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी परत विचारलं, मी परत सांगितलं. का जाळला म्हणाले, तर मी म्हटलं, कोणाच्या हाती लागू नये म्हणून. बाजूच्या खुर्चीवर माझा मित्र पंचाच्या टोकाला गाठ मारत होता आणि सोडत होता.  साहेबांनी माझा कागद फाइलीत ठेवला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

परत येताना मी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसलो होतो.  माझ्या गल्लीच्या तोंडाशी त्यानं गाडी थांबवली, पण बंद केली नाही. मी उतरलो. उतरून तसाच गाडीपाशी उभा राहिलो.

"एक इचारू?" तो म्हणाला. "साऱ्या गावावर संशय घेत राह्यला तू. न्हाव्यावर, मास्तरवर, बायकोवर, माह्यावर. त्या एका कागदावर काऊन नाही घेतला बे?"

उत्तर मला ठाऊक होतं. त्या सकाळपासून ठाऊक होतं.

"चित्र चांगलं जमून राह्यलं होतं," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, जणू हिशोब बरोबर आहे.

"हाव, चांगलंच होतं," तो म्हणाला. "मोबाइलवर फोटो आला तवा मी बी लय हासलो, पोट धरून. मंग बायको म्हणे, अहो, हे तुमी आहा."